उलटी हिशोबपट्टी

हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाची गाडी काट्यावर जाते, वजन होते, भाव ठरतो आणि शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी पडते. त्या पट्टीत हमाली, तोलाई असे आकडे वजा केलेले असतात आणि उरलेली रक्कम चुकारा म्हणून त्याला मिळते. आधी हमालीचे दोन हजार माझ्या खात्यात टाका, मगच तुमचा दोन लाखांचा चुकारा सोडतो, असे त्याला कुणी म्हणत नाही. म्हटलेच तर वर्धा जिल्ह्यातला कोणताही शेतकरी, अगदी शाळेची पायरी न चढलेलासुद्धा, गाडी माघारी फिरवील. पण याच घरात ईमेलवर पत्र येते की तुम्हाला पाच लाख पौंडांची लॉटरी लागली आहे, ती सोडवून घेण्यासाठी कुरिअरचे बारा हजार भरा, आणि तिथे शिकलेला मुलगासुद्धा अडखळतो. लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणे आणि त्यांना संगणक शिकवणे हे ज्याचे काम आहे, त्याला हा विरोधाभास सतत डाचतो. जे शहाणपण काट्यावर आहे ते मेलपाशी येऊन कुठे जाते? या कामातून माझे मत असे झाले आहे की लॉटरीच्या नावाने होणारी फसवणूक ओळखायला इंग्रजी चांगले लागत नाही आणि संगणकाचे फार ज्ञानही लागत नाही. पैसा कुणाकडून कुणाकडे जातो आहे एवढे पाहावे लागते, आणि ते पाहण्याची सवय आपल्याकडे आधीपासूनच आहे. ती मेलपर्यंत आणणे एवढेच काम उरते.

ही सवय मेलपाशी का सुटते, याचे कारण आपल्याकडे ईमेल ज्या वाटेने आला त्यात आहे. आर्वी, समुद्रपूर, कारंजा या भागांतल्या पुष्कळ लोकांनी ईमेलचा पत्ता कुणाला पत्र लिहायचे म्हणून काढलेला नसतो. पोलीस भरतीचा फॉर्म, मुलीची शिष्यवृत्ती, कॉलेजचा प्रवेश, कुठल्याशा योजनेचा अर्ज, यांतल्या एका रकान्यापुढे लाल फुली असते आणि तो रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही. म्हणून केंद्रावर बसलेला माणूस तिथल्या तिथे आयडी काढून देतो आणि पासवर्ड फॉर्मच्या झेरॉक्सच्या मागे पेनाने लिहून देतो. पुढे त्या आयडीवर काय येते? अर्जाची पोच, हॉलतिकीट, गुणवत्ता यादी, कागदपत्रांतली त्रुटी कळवणारे पत्र. म्हणजे मुंबई-पुण्यातल्या माणसाला मेल म्हटले की कामाचा आणि जाहिरातींचा कचरा आठवतो, तर इथल्या माणसाला तहसिलीतून आलेला कागद आठवतो. त्याच्या दृष्टीने मेल हे शिक्क्याचे टपाल आहे. फसवणाऱ्याच्या पत्रात संदर्भ क्रमांक, बॅच क्रमांक, गोल शिक्का, तिरकी सही, खाली कुणा ‘दावा अधिकाऱ्या’चे नाव असा जो साज असतो, तो अशा ठिकाणी बरोबर बसतो. ‘अनोळखी मेल उघडू नका’ हा सल्लाही इथे पोकळ ठरतो. ज्याला येणारा जवळजवळ प्रत्येक मेल अनोळखी ठिकाणाहूनच येतो, त्याने हॉलतिकीटही उघडायचे नाही काय?

असा एक मेल सावकाश वाचून पाहावा. विषयाच्या ओळीत ‘अंतिम सूचना’ असते. पहिली सूचना कधी आलेलीच नसते. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी एखाद्या मोठ्या लॉटरीचे किंवा कंपनीचे नाव असते. ब्रिटनची नॅशनल लॉटरी, स्पेनची एल गोर्दो, शीतपेयाची किंवा मोबाइलची कंपनी, ही नावे वर्षानुवर्षे अशी वापरली गेली आहेत आणि त्या संस्थांचा त्या पत्रांशी काही संबंध नसतो. मजकुरात तुमचे नाव कुठेच नसते, ‘प्रिय विजेते’ असा मायना असतो. मग तुमच्या मनातली शंका आधीच ओळखून खुलासा येतो की तिकीट काढायची गरज नव्हती, जगभरच्या ईमेल पत्त्यांतून संगणकाने तुमचा पत्ता उचलला. त्याखाली माहितीचा फॉर्म: नाव, पत्ता, वय, फोन, व्यवसाय. हा व्यवसायाचा रकाना मला फार बोलका वाटतो. बक्षीस देणाऱ्याला तुम्ही शिक्षक आहात की पुलगावच्या दारूगोळा भांडारातून निवृत्त झालेले कर्मचारी, याच्याशी काय देणेघेणे? पुढे किती मागता येईल हे ठरवणाऱ्याला मात्र ते नक्की हवे असते. आणि सगळ्यांत शेवटी एक ओळ येते: दावा पूर्ण होईपर्यंत ही बाब गुप्त ठेवावी. सगळ्या मेलमध्ये सर्वाधिक विचारपूर्वक लिहिलेली ओळ हीच. घरातल्या बाईच्या, गावातल्या मास्तरच्या, बँकेतल्या साहेबाच्या कानावर गोष्ट गेली की एका वाक्यात खेळ संपतो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते.

फॉर्म भरून पाठवला की मागण्यांची शिडी सुरू होते. आधी कुरिअरचा खर्च, मग विम्याचा हप्ता, मग दिल्लीच्या विमानतळावर पार्सल अडल्याचा फोन आणि सीमाशुल्क, मग चलन बदलण्याची फी, मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचे पत्र आणि त्यावरचा कर. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा उंच असते आणि प्रत्येक वेळी सांगितले जाते की ही शेवटची. जो बारा हजार भरून बसला तो पुढचे तीस हजार पहिले बारा वाचवण्यासाठी भरतो. बक्षिसाचा विचार तोवर मागे पडलेला असतो. हे तंत्र ईमेलच्याही आधीचे आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत स्पेनच्या तुरुंगात अडकलेल्या श्रीमंत कैद्याच्या नावाने पत्रे यायची: सोडवायला पैसे पाठवा, सुटल्यावर खजिन्यात वाटा. आपल्याकडे तोच प्रयोग ‘कौन बनेगा करोडपती’च्या नावाने व्हॉट्सअॅपवर चालतो, २५ लाखांची लॉटरी आणि अमिताभ बच्चन यांचा फोटो लावून, आणि त्याविरुद्ध पोलिसांना जाहीर इशारे द्यावे लागले. टपालाने घरी येणाऱ्या स्क्रॅच कार्डात मोटार निघते तीही याच कुळातली. माध्यम बदलते, शिडी तीच राहते, म्हणून माध्यमागणिक वेगळी सावधगिरी शिकवत बसण्यात अर्थ नाही.

फसवा मेल ओळखण्याची जी खूण बहुतेक ठिकाणी पहिली सांगितली जाते ती म्हणजे अशुद्ध भाषा. मला हा सल्ला अपुरा आणि आता तर घातक वाटतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली एका निबंधात प्रश्न विचारला होता की अशी पत्रे लिहिणारे स्वतःला नायजेरियाचे का म्हणवतात, जेव्हा ते नाव ऐकताच निम्मे लोक सावध होतात. त्यांचे उत्तर असे की हा बावळटपणा म्हणजे मुद्दाम केलेली चाळणी असू शकते. मेल पाठवायला खर्च जवळजवळ शून्य, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी दिवसेंदिवस बोलत राहायला माणूस आणि वेळ लागतो. शंकेखोर माणूस पहिल्या ओळीलाच गळून जावा आणि जो उरेल तो शेवटपर्यंत टिकावा, यासाठी पत्र भोंगळ असणे फसवणाऱ्याच्या सोयीचे आहे. म्हणजे ‘एवढा मूर्ख मेल मी ओळखला’ या समाधानात काही अर्थ नाही. तो मेल तुमच्यासाठी लिहिलेलाच नव्हता. दुसरे असे की आता यंत्र नेटकी मराठी लिहून देते. उद्या वर्ध्याच्या पोस्टाचा पिनकोड, तुमचे नाव, गावाचे नाव आणि निर्दोष व्याकरण असलेले पत्र आले, तर व्याकरणावर विसंबणारा माणूस त्याला खरे मानेल. पत्र कितीही सुबक झाले तरी एक गोष्ट त्याला बदलता येत नाही. त्याला तुमच्याकडून पैसे मागावेच लागतात, नाहीतर तो धंदाच राहत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण इथे शंकेला जागाच उरत नाही. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याप्रमाणे भारतात लॉटरी चालवण्याचा अधिकार राज्य सरकारांना आहे, तोही अटींवर: तिकिटे राज्याने छापायची, सोडत राज्याने काढायची, विक्रीचा पैसा राज्याच्या खात्यात जायचा. महाराष्ट्राची स्वतःची राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. तिचे बक्षीस घ्यायला मूळ तिकीट हजर करावे लागते. तिकीट नाही तर बक्षीस नाही, इतके ते साधे आहे. परदेशी लॉटरीचा तर दरवाजाच बंद आहे. परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांनी लॉटरीचे तिकीट किंवा तसल्या सोडतीसाठी देशाबाहेर पैसे पाठवणेच वर्ज्य केले आहे, आणि मे २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना खास परिपत्रक काढून अशा लॉटरीच्या आणि फुकटच्या पैशाच्या आमिषांबाबत सावध केले. रिझर्व्ह बँक व्यक्तींची खाती ठेवत नाही. तिच्या नावाने तुमचे पौंड अडकून पडलेत असे सांगणारे पत्र वाचायचीही गरज नाही. आणि कर? लॉटरीच्या बक्षिसावर ३० टक्के आयकर आहे हे खरे, त्यावर उपकरही आहे, पण तो बक्षीस देणारा कापून घेतो आणि उरलेली रक्कम देतो. हमाली-तोलाई जशी पट्टीतून वजा होते तशीच. जिथे कर आधी मागितला जातो तिथे पट्टी उलटी लिहिलेली आहे.

इथे एक जाणकार माणूस मला अडवील, आणि त्याचा आक्षेप वजनदार आहे. तो म्हणेल, तिकीट न काढता बक्षीस लागतच नाही असे कसे म्हणता? वर्ध्यापासून तासा-दीड तासावर नागपुरात १४ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते एक कोटीचे बक्षीस दिले गेले, लातूरच्या एका विद्यार्थिनीला, आणि तिने कुठलेही तिकीट काढलेले नव्हते. हे खरे आहे. नोटबंदीनंतर नीती आयोगाने लकी ग्राहक योजना काढली होती. २५ डिसेंबर २०१६ पासून शंभर दिवस, रोज पंधरा हजार लोकांना एक-एक हजार रुपये आणि शेवटी मोठी सोडत. रुपे कार्ड, यूपीआय, आधारवरून केलेले व्यवहार यांतून ५० ते ३००० रुपयांच्या व्यवहारांची निवड होत असे. त्या मुलीने मोबाइलचा १५९० रुपयांचा हप्ता रुपे कार्डाने भरला होता आणि तो व्यवहार ९ एप्रिलला राष्ट्रपती भवनात काढलेल्या सोडतीत निघाला. म्हणजे न मागता, न कळता, एक कोटी.

ही घटना माझ्या म्हणण्याला छेद देते असे वरवर वाटते. नीट पाहिले तर तीच सगळ्यांत चांगला धडा आहे, आणि शिकवताना मी खोट्या मेलपेक्षा या खऱ्या बक्षिसावर जास्त वेळ घालवावा असे म्हणेन. तिकीट नव्हते, पण व्यवहार होता. तो अमुक तारखेला, अमुक रकमेचा, अमुक खात्यातून झाल्याची नोंद बँकेत होती. सोडत त्या नोंदीतून निघाली, हवेतल्या ईमेल पत्त्यांतून नव्हे. योजना कोणाची, किती दिवसांची, बक्षिसे किती, हे सारे आधी जाहीर झालेले होते. पैसे कुठे द्यायचे हे विचारण्यासाठी कुणाला फॉर्म पाठवायची गरज नव्हती, कारण खाते योजनेला आधीच माहीत होते. ‘तुमचा खाते क्रमांक कळवा’ हा प्रश्न ज्याला तुमचे काहीच माहीत नाही तो विचारतो. आणि मुख्य म्हणजे बक्षिसाच्या वाटेवर कुठेही तिच्याकडून अनोळखी खात्यात एक रुपया मागितला गेला नाही. वर्ध्याच्या बाजारात दसरा-दिवाळीला कापडाच्या दुकानात कूपन भरतो त्याची लकी ड्रॉही याच जातीची: आपण काहीतरी केलेले असते, त्याची चिठ्ठी असते, आणि बक्षीस घ्यायला दुकानात जायचे असते. तेव्हा तिकीट होते का, हा प्रश्न थोडा रुंद करून विचारावा. ज्याचे बक्षीस म्हणतात ती गोष्ट मी केली होती का?

दुसरा आक्षेप पैशाच्या दिशेवरच येतो. आधी पैसे भरून नंतर लाभ, असे खऱ्या सरकारी योजनांतही असतेच की. असते. सौर कृषी पंपाच्या योजनेत शेतकऱ्याला किमतीचा दहा टक्के हिस्सा आधी भरावा लागतो, अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना पाच टक्के. मोटारीसारख्या वस्तूच्या रूपात बक्षीस असेल तर कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय देणाऱ्याने ती सोडायची नाही, असे आयकराचा कायदाच सांगतो. माझ्या मते फसवणाऱ्याचे खरे भांडवल हेच आहे. आपल्या माणसाला आधी भरायची सवय आहे: फॉर्मची फी, चलन, लाभार्थी हिस्सा, मुद्रांक. त्या सवयीवर तो आपली मागणी चढवतो, आणि म्हणूनच ती मागणी अंगावर येत नाही, ओळखीची वाटते. सौर पंपांच्या कुसुम योजनेच्या नावाने पैसे उकळणाऱ्या बनावट संकेतस्थळांबद्दल केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला वारंवार इशारे द्यावे लागले ते याचमुळे. फरक दोन ठिकाणी पडतो. पंपासाठी तुम्ही स्वतः अर्ज केलेला असतो आणि त्याचा क्रमांक तुमच्याकडे असतो. हिस्सा भरायची सूचना त्याच अर्जावर येते. आणि पैसा कुणाच्या नावे जातो ते पाहता येते. मोटारीवरचा कर भरायचाच असेल तर तो तुमच्या पॅन क्रमांकावर चलनाने सरकारी तिजोरीत जातो. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी पडद्यावर समोरच्याचे नाव उमटते. तिथे सीमाशुल्क विभागाच्या जागी एखाद्या व्यक्तीचे किंवा कुठल्यातरी ट्रेडर्सचे नाव दिसले, की बाकी काही तपासायचे राहत नाही. अंगठा तिथेच थांबवावा.

आणि मग तो नेहमीचा शेरा, जो मला मनापासून चुकीचा वाटतो: लोभी माणूसच फसतो. पाच लाख पौंडांची आशा कुणाला वाटत नाही? आशा वाटणे हा गुन्हा असता तर राज्य सरकारने पन्नासाहून अधिक वर्षे लॉटरीची तिकिटे विकली नसती. मुलीच्या लग्नाचे कर्ज, बोंडअळीने गेलेले पीक, आईच्या ऑपरेशनचा खर्च, अशा वेळी आलेले पत्र माणूस वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. लोभाचा ठपका ठेवण्याने होते एवढेच की फसलेला माणूस गप्प बसतो, आणि त्याचे गप्प बसणे फसवणाऱ्याला नेमके हवे असते. गुप्त ठेवा ही ओळ त्याने लिहिली, तिची अंमलबजावणी आपण करतो. जमैकात अमेरिकी वृद्धांना लॉटरीच्या नावाने लुबाडण्याचा एवढा मोठा धंदा उभा राहिला की २०१३ मध्ये तिथल्या सरकारला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. त्या धंद्यात लोकांच्या नावांच्या आणि फोन क्रमांकांच्या याद्या विकत घेतल्या जात. एकदा पैसे भरलेल्याचे नाव तर अधिकच मोलाचे. ज्याने कुणालाही सांगितले नाही त्याच्याकडेच दुसरा फोन येतो: आम्ही सायबर पोलीस बोलतोय, तुमचे बुडालेले पैसे मिळाले आहेत, सोडवायला थोडी फी भरा. ही पुन्हा तीच उलटी पट्टी असते, आणि या वेळी तिच्यावर पोलिसांचे नाव असते.

मेल आल्यावर करायचे काय, हे त्यामानाने थोडक्यात सांगता येते. उत्तर द्यायचे नाही, शिवी द्यायलासुद्धा नाही, कारण उत्तराने एवढेच कळते की हा पत्ता जिवंत आहे आणि वाचणारा माणूस आहे. आतल्या दुव्यावर, ‘यादीतून नाव काढा’ या दुव्यावरही, बोट लावायचे नाही. स्पॅम किंवा फिशिंग म्हणून नोंदवायचे, म्हणजे मेलसेवेची चाळणी पुढच्या माणसासाठी थोडी बारीक होते. ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी संगणकावर जीमेलमध्ये तीन ठिपक्यांवर दाबून मूळ मेल उघडून पाहावा. वरच पाठवणारा आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन तपासण्यांचे निकाल दिसतात, आणि उत्तर कुठे जाईल तो पत्ता खालच्या मजकुरात शोधता येतो. लॉटरी कंपनीच्या नावाने आलेल्या मेलचे उत्तर तिसऱ्याच फुकटच्या पत्त्यावर जाणार असेल तर ते तिथे उघडे पडते. पण एक सावधगिरी हवी. त्या तीन तपासण्या ‘पास’ झाल्या म्हणजे मेल खरा, असे अजिबात नाही. मेल ज्या डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या ठिकाणाहून, आल्याचे म्हणतो तिथूनच तो आला, एवढेच त्यातून कळते. फसवणाऱ्याने स्वतःच्या जीमेल खात्यावरून लिहिले तर तिन्ही तपासण्या पास होतात. लिफाफ्यावरचा पोस्टाचा शिक्का अस्सल असला म्हणून आतली हुंडी अस्सल ठरत नाही.

पैसे गेले असतील तर मात्र एक मिनिट दवडू नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करायचा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर तक्रार करायची, आणि सोबतच आपल्या बँकेला कळवायचे. लोक म्हणतात, फोन करून पैसे थोडेच मिळतात. प्रत्येकाला मिळत नाहीत हे खरे, पण त्या फोनचे काम समजून घ्यायला हवे. गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत असते. तक्रार नोंदली की त्या साखळीतल्या बँकांना सूचना जाते आणि जिथे रक्कम अजून असेल तिथे ती रोखता येते. एटीएममधून नोटा निघाल्या की साखळी तुटली. म्हणून पहिल्या तासाला किंमत आहे, आणि म्हणूनच लाज वाटून घालवलेली रात्र सगळ्यांत महाग पडते. व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, समोरच्याचा यूपीआय पत्ता, मेल आणि चॅट जसेच्या तसे ठेवावे. संतापून पुसून टाकले तर पुरावाच जातो. हेही माहीत असावे की ग्राहकाच्या परवानगीवाचून झालेल्या ऑनलाइन व्यवहारांत त्याची जबाबदारी मर्यादित करणारे रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक स्वतःच्या हाताने पाठवलेल्या पैशाला लागू पडत नाही. कार्डाची चोरी आणि लॉटरीची फसवणूक यांत हा मोठा फरक आहे, आणि तो आधी कळलेला बरा.

जी खाती या साखळीत वापरली जातात ती कुणाची असतात, हेही बोलायला हवे. ती अनेकदा आपल्यासारख्याच गावांतल्या पोरांची असतात. महिन्याला काही हजार मिळतील, फक्त पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दे, असे कुणी सांगते आणि बेकार मुलगा देऊन बसतो. त्याच्या नावावर लाखो रुपये येतात-जातात आणि पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात. लॉटरीचा मेल ओळखायला शिकवताना हे निम्मे शिकवायचे राहून जाते, कारण आपण फक्त फसणाऱ्याचा विचार करतो. एका तालुक्यातल्या म्हाताऱ्याचे पैसे दुसऱ्या तालुक्यातल्या पोराच्या खात्यातून पुढे जाऊ शकतात. दोघेही एकाच केंद्रावर फॉर्म भरायला आलेले असू शकतात.

म्हणून माझी विनंती माझ्याच धंद्यातल्या लोकांना आहे: सेतूवर, सायबर कॅफेत, ग्रामपंचायतीच्या आपले सरकार केंद्रात बसणाऱ्यांना. ज्याला ईमेल आयडी काढून देता त्याला त्यासोबत चार मिनिटे द्या. हिशोबपट्टीचे उदाहरण द्या, पिन टाकण्याआधी समोरचे नाव वाचायला लावा, आणि झेरॉक्सच्या मागे जिथे पासवर्ड लिहिता, त्याच्या खाली १९३० लिहून द्या.